फ्रान्सची वाट व फ्रान्सचें ताट

गेल्या महिन्यांत माझा भाचा एक कागद घेऊन माझ्याकडे आला. चौदा दिवसांच्या फ्रान्सच्या प्रवासाची ती आखणी होती. पॅरिस, दिजों, लियों, आव्हिन्यों, मार्सेलिस, नीस आणि परततांना तूलूझ, बोर्दो व तूर अशीं नऊ शहरें त्यानें एकाखालीं एक मांडलीं होतीं. कागदाच्या मध्यभागीं उभी रेघ ओढून डाव्या बाजूस पाहण्याचीं स्थळें व उजव्या बाजूस खाण्याचे पदार्थ लिहिले होते. "मामा, यांत कांहीं राहून तर गेलें नाहीं ना?" असें त्यानें मला विचारलें. राहून कांहींच गेलें नव्हतें. आणि तेंच मला खटकलें.

खटकण्याचें कारण असें कीं, अगदीं असाच एक कागद पूर्वीं मींही तयार केला होता. त्या कागदाबरहुकूम मी लियोंला दुपारीं अडीच वाजतां पोंचलों. सकाळचा वेळ दुसऱ्या गांवीं एक प्रार्थनामंदिर व एक वस्तुसंग्रहालय पाहण्यांत गेला होता. ज्या खाणावळीचें नांव मी घरूनच टिपून नेलें होतें, तिचें दार उघडें होतें. परंतु चूल निवली होती. आंतल्या बाईनें खुर्च्या उलट्या करून मेजांवर ठेवावयास आरंभ केला होता. तिनें कांहीं न बोलतां भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखविलें. मला साडेचारची गाडी गांठावयाची होती. अशा रीतीनें, जें शहर जेवणासाठीं साऱ्या जगांत वाखाणलें जातें, त्या शहरांत मीं स्थानकावर विकत घेतलेला थंड पाव खाल्ला.

दोष त्या बाईचा नव्हता. माझ्या कागदाचा होता. तो कागद असा कां झाला याचा विचार करूं लागलों, तेव्हां हळूहळू ध्यानांत आलें कीं, जी आखणी मी स्वतःची समजत होतों ती माझी नव्हतीच. ती दोन-अडीचशें वर्षांच्या अवधींत निरनिराळ्या लोकांनीं करून ठेवलेली होती. त्यांत आचारी होते, एक औषधें बनविणारा होता, एक आगगाडीची कंपनी होती आणि रबरी टायर तयार करणारे दोघे बंधूही होते. त्यांची हकीकत आज मी आपणांस सांगणार आहें.

मुळांत पाहण्यासाठीं प्रवास आणि खाण्यासाठीं प्रवास या गोष्टी एकत्र नव्हत्या. अठराव्या शतकांत इंग्लंडांतील धनिकांचे पुत्र शिक्षण पुरें करण्यासाठीं पॅरिसवरून इटलीकडे जात. पॅरिसहून लियोंला जाण्यास घोड्यांच्या टपालगाडीनें पांच दिवस लागत, आणि त्यांतील शेवटचा टप्पा साओन नदींतून नावेनें करावा लागे. वाटेंत ते रोमन अवशेष पाहत, राजवाडे पाहत. जेवण म्हणजे धर्मशाळेंतील सामाईक मेजावर, यजमानानें ठरविलेल्या वेळीं, यजमान वाढील तें. त्यांत निवडीचा प्रश्नच नव्हता.

ही निवड पॅरिसनें निर्माण केली. सतराशें साठच्या पुढील दशकांत तेथें अशक्तांना मानवणारें कढण विकणारीं दुकानें निघालीं. शक्ति परत आणून देणारें या अर्थाचा 'रेस्तोराँ' हा शब्द प्रथम त्या कढणाला लावीत. पुढें तो दुकानालाच चिकटला. तेथें गिऱ्हाइकाला स्वतंत्र मेज मिळे, वाटेल त्या वेळीं जातां येई आणि पदार्थांची नांवें व किंमती छापलेल्या पत्रकावरून आपल्याला हवें तें मागवितां येई. १७८९ च्या राज्यक्रांतीनंतर अशा भोजनगृहांची संख्या झपाट्यानें वाढली. सरदारांचे वाडे ओस पडले तेव्हां त्यांच्या पदरच्या कित्येक आचाऱ्यांनीं आपली कला रस्त्यावरच्या माणसाला विकावयास काढली. १८०३ मध्यें ग्रिमो द ला रेनिएर यानें खवय्यांसाठीं एक वार्षिक काढलें. पॅरिसमध्यें उत्तम जिन्नस कोठें मिळतात, कोणता दुकानदार विश्वासाचा आहे, हें तो त्यांत सांगूं लागला. जेवणाविषयीं छापील मत देण्याची प्रथा तेथून रूढ झाली.

यानंतर येतो तो आमचा औषधें बनविणारा. कादे द गासिकूर हें त्याचें नांव. हा नेपोलियनच्या पदरीं होता. त्यानें १८०९ मध्यें आपल्या एका पुस्तकाबरोबर फ्रान्सचा एक नकाशा प्रसिद्ध केला. हा नकाशा मोठा मौजेचा आहे. त्यांत किल्ले नाहींत, देवळें नाहींत. शहरांपाशीं बाटल्या, पिपें, कोंबड्या, ससे आणि मासे काढलेले आहेत. अन्नाच्या खुणांनीं देश दाखविणारा हा पहिला नकाशा मानला जातो. माझ्या भाच्याच्या कागदाची उजवी बाजू म्हणजे याच नकाशाचें दूरचें वंशज होय.

परंतु एक फरक लक्षांत घेतला पाहिजे. तो नकाशा हातांत घेऊन कोणी घराबाहेर पडत नव्हतें. पॅरिसच्या मेजावर आलेला जिन्नस कोठून आला, एवढें समजण्यापुरता त्याचा उपयोग. त्या काळीं पदार्थ खाणाऱ्याकडे येई. खाणारा पदार्थाकडे जात नसे. फ्रान्सच्या प्रवासाचा सारा इतिहास, माझ्या मतें, हा क्रम कसा उलटला याचा इतिहास आहे.

तो उलटण्याआधीं रूळ टाकले गेले. मार्सेलिस ते आव्हिन्यों हा मार्ग १८४९ मध्यें, पॅरिस ते दिजों १८५१ मध्यें आणि पुढें लियोंपर्यंतचा १८५४ मध्यें खुला झाला. थोड्याच अवधींत हे तुकडे जोडले जाऊन सुमारें ८६० किलोमीटरांचा सलग लोहमार्ग तयार झाला. १८५७ मध्यें तो 'पॅरिस-लियों-भूमध्यसमुद्र' असें नांव धारण करणाऱ्या कंपनीच्या हातीं आला. नीस शहर १८६० मध्यें फ्रान्सला मिळालें व १८६४ मध्यें तेथें आगगाडी पोंचली. आतां भाच्याच्या कागदावरील पहिलीं सहा शहरें पुन्हां आठवून पाहा. तीं त्यानें निवडलेलीं नाहींत; तीं या रुळांवरचीं स्थानकें आहेत!

याच रुळांशीं आपलाही संबंध आला. १८६९ मध्यें सुवेझचा कालवा खुला झाला आणि मुंबईहून सुटणाऱ्या बोटी मार्सेलिसला लागूं लागल्या. स्पेनला वळसा घालण्यांत जाणारे दिवस वांचविण्यासाठीं पुष्कळ उतारू तेथेंच उतरत व आगगाडीनें पॅरिसवरून विलायत गांठीत. बॅरिस्टर होऊं इच्छिणारे तरुण, संस्थानिक, व्यापारी अशा आपल्याकडील कित्येक लोकांनीं फ्रान्सची भूमि प्रथम पाहिली ती मार्सेलिसच्या धक्क्यावरून. याच बंदरांत ८ जुलै १९१० रोजीं सावरकरांनीं 'मोरिया' बोटींतून समुद्रांत उडी टाकली आणि फ्रेंच भूमीवर पाय ठेवल्यावरही ते पुन्हां पकडले गेले. तो वाद पुढें हेगच्या लवादापर्यंत गेला व १९११ मध्यें त्याचा निकाल इंग्लंडच्या बाजूनें लागला. चारच वर्षांनीं, १९१४ च्या सप्टेंबरांत, पहिल्या महायुद्धासाठीं निघालेल्या हिंदी पलटणी याच धक्क्यावर उतरल्या. मराठी प्रवाशाच्या कागदावर मार्सेलिसपुढें केवळ माशांच्या कालवणाचें नांव असूं नये, तें एवढ्यासाठीं.

त्या काळच्या आपल्या प्रवाशांपैकीं एकाची हकीकत आपल्या विषयाशीं फार जुळते. आयफेल मनोरा नवा होता त्या वेळीं, विश्वप्रदर्शनाच्या निमित्तानें, विलायतेंत शिकणारे तरुण मोहनदास गांधी पॅरिसला गेले होते. आपल्या आत्मकथेंत ते सांगतात कीं, तेथील एका शाकाहारी भोजनगृहाची माहिती त्यांनीं आधींच मिळविली, तेथेंच खोली घेतली आणि सात दिवस ते त्या एका शहरांत राहिले. नकाशा घेऊन ते बहुतेक पायींच हिंडले. मनोऱ्यावरच्या भोजनगृहांत मात्र, इतक्या उंचावर जेवलों असें म्हणतां यावें एवढ्यासाठीं, त्यांनीं सात शिलिंग घालविले. आणि ते फुकट गेले अशी कबुली त्यांनीं पुढें दिली. सात दिवस, एक शहर, आणि जेवणाची सोय आधीं! आखणी म्हणून पाहिली तर ती माझ्या आखणीपेक्षां कितीतरी शहाणपणाची होती.

असो. रुळांनीं स्थानकें दिलीं, परंतु स्थानकांच्या मधला मुलूख अंधारांतच राहिला. तो उजेडांत आणला मोटारीनें. क्लेरमों-फेराँ या गांवीं आंद्रे व एदुआर मिशेलिन हे बंधु टायर तयार करीत. १९०० मध्यें त्यांनीं तांबड्या पुठ्ठ्याचें एक छोटें पुस्तक काढून मोटारवाल्यांना फुकट वांटलें. प्रती काढल्या सुमारें ३५,०००. आणि त्या वेळीं साऱ्या फ्रान्समध्यें मोटारी तीन हजारही नव्हत्या! टायर कसा बदलावा, पेट्रोल कोठें मिळेल, कोणत्या गांवीं दुरुस्ती होईल व रात्रीं निजावयास जागा कोठें आहे, हा त्या पुस्तकाचा मुख्य मजकूर. हेतु उघड होता. लोक जितके अधिक हिंडतील तितके टायर अधिक झिजतील.

१९२० पासून या पुस्तकाला किंमत लावण्यांत आली. १९२६ मध्यें उत्तम भोजनगृहांपुढें तारका छापली जाऊं लागली, व १९३१ पासून एक, दोन व तीन अशा पायऱ्या आल्या. १९३६ मध्यें या पायऱ्यांचा अर्थ स्पष्ट करण्यांत आला. दोन तारका म्हणजे वांकडी वाट करून जाण्यास योग्य. तीन तारका म्हणजे त्या जेवणासाठींच प्रवास करावा असें ठिकाण. श्रोतेहो, या शब्दांचें महत्त्व सहज ध्यानांत येत नाहीं. शेंकडों वर्षें मनुष्य दूर देशीं गेला तो तीर्थासाठीं, व्यापारासाठीं, विद्येसाठीं किंवा युद्धासाठीं. वाढलेलें ताट हेंच प्रवासाचें कारण असूं शकतें, असें या पुस्तकानें शिक्का मारून सांगितलें. खाणारा आतां पदार्थाकडे निघाला.

टायरवाले यांत एकटे नव्हते. क्युर्नोन्स्की या टोपणनांवानें लिहिणारा मोरिस साइयाँ हा लेखक व त्याचा मित्र मार्सेल रूफ यांनीं १९२१ पासून एकेका प्रांतांत हिंडून तेथील पाककृतींवर व खाणावळींवर पुस्तकांची मालिका काढली. त्याच वर्षीं दिजोंच्या गास्तों जेरार या नगराध्यक्षानें आपल्या शहरांत खाद्यपदार्थांची जत्रा सुरू केली. हाच गृहस्थ पुढें सरकारांत पर्यटनखात्याचा प्रमुख झाला. १९३५ मध्यें तर कायदाच झाला. ज्या मातींत द्राक्ष पिकलें त्या मातीचें नांव दुसऱ्या कोणी लावूं नये यासाठीं एक संस्था स्थापन झाली. आव्हिन्योंच्या पोपांच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या शातोनफ-द्यु-पाप या गांवच्या द्राक्षमद्याला १९३६ मध्यें हें संरक्षण आरंभींच मिळालें. चौदाव्या शतकांत पोप रोम सोडून आव्हिन्योंला राहिले होते. पदार्थ आणि स्थळ यांची अशी कायदेशीर गांठ पडली.

परंतु हें ज्यांचें अन्न होतें ते लोक कोण? ही गोष्ट तारकांच्या झगमगाटांत विसरली जाते, आणि माझ्या दृष्टीनें तीच साऱ्या प्रकरणाचा गाभा आहे. लियों हें रेशमाचें शहर. तेथील विणकर क्रवा-रूस टेंकडीवर उंच छतांच्या घरांत माग चालवीत. मजुरीच्या दरासाठीं त्यांनीं १८३१ व १८३४ मध्यें बंड केलें व तीं बंडें लष्करानें मोडलीं. 'बुशों' म्हणून आज ज्या लहानशा खाणावळी वाखाणल्या जातात, त्यांचें जेवण अशा कष्टकऱ्यांच्या पोटासाठीं होतें; म्हणूनच जनावराच्या आंतड्यासारखे स्वस्त भाग त्यांत इतके आढळतात. धनिकांच्या घरीं राबणाऱ्या स्वयंपाकिणींनीं पुढें स्वतःच्या खाणावळी घातल्या. त्यांना लोक 'मेर', म्हणजे आई, असें म्हणत.

अशांपैकीं एक यूजेनी ब्राझिए. १८९५ मध्यें शेतकऱ्याच्या घरीं जन्मलेली. लहानपणींच आई वारली, शाळा जेमतेम झाली, आणि विवाहाबाहेर मूल झाल्यामुळें घर सुटलें. ती लियोंला येऊन चाकरीला राहिली, स्वयंपाक शिकली आणि १९२१ मध्यें तिनें आपली लहान खाणावळ उघडली. १९३३ मध्यें तिच्या दोन भोजनगृहांना प्रत्येकीं तीन अशा सहा तारका मिळाल्या. पुरुष आचाऱ्यांपैकींही कोणाला तोंपर्यंत हा मान लाभला नव्हता. पुढें जगप्रसिद्ध झालेला पोल बोक्यूज कांहीं काळ तिच्याच चुलीपाशीं शिकला.

मार्सेलिसची गोष्ट याहून निराळी नाहीं. 'बुइयाबेस' हें तेथील प्रसिद्ध कालवण मूळचें कोळ्यांचें. खडकांतली कांटेरी मासळी बाजारांत खपत नसे; ती ते स्वतःच्या कढईंत टाकीत. आज तें श्रीमंती पक्वान्न झालें आहे. इतकें कीं, त्यांत कोणते मासे असावेत याची सनद १९८० मध्यें तेथील भोजनगृहांच्या चालकांना करावी लागली.

ज्यांनीं हें अन्न घडविलें त्यांना मात्र स्वतःच्या देशांत हिंडावयास सवड नव्हती. ती मिळाली १९३६ मध्यें. लेओं ब्लुम यांच्या सरकारनें कामगारांना वर्षांतून दोन आठवड्यांची भरपगारी रजा देणारा कायदा केला आणि त्याच उन्हाळ्यांत आगगाडीचीं सवलतीचीं तिकिटें निघालीं. असंख्य कुटुंबांनीं समुद्र प्रथम पाहिला तो त्या वर्षीं. दुसऱ्या महायुद्धानंतर पॅरिसहून लियों व आव्हिन्योंवरून इटलीच्या सरहद्दीपर्यंत जाणारा सात क्रमांकाचा राजरस्ता सुटीचा रस्ता म्हणूनच ओळखला जाऊं लागला. तारका छापणाऱ्यांनीं धनिकाला रस्ता दाखविला. रजेच्या कायद्यानें तो सर्वांना मोकळा केला. आपण आज प्रवासाची जी आखणी करतों, तिच्यामागें या दोन्ही गोष्टी आहेत.

नंतर वेग आला. १९८१ मध्यें पॅरिस-लियों मार्गावर अतिवेगवान गाडी सुरू झाली, आणि २००१ पासून पॅरिसहून मार्सेलिसला सुमारें तीन तासांत जातां येऊं लागलें. टपालगाडीचे पांच दिवस आतां दोन तासांवर आले. ही मोठीच सोय आहे; पण नऊ शहरांचा मोह उत्पन्न होतो तो हिच्यामुळेंच. गाडी वेगानें जाते, म्हणून जेवण वेगानें होत नाहीं. २०१० मध्यें युनेस्कोनें फ्रान्सच्या भोजनाला मानवजातीच्या अमूर्त वारशांत स्थान दिलें, तेव्हां कोणा एका पदार्थाची निवड केली नाहीं. एकत्र बसणें, क्रमाक्रमानें वाढणें, बोलत बोलत जेवणें, या चालीरीतीचा तो गौरव होता. म्हणजे गौरव वेळ देण्याचाच झाला.

तेव्हां भाच्याला मीं काय सांगितलें तें आतां सांगतों. पहिली गोष्ट, सारा देश एका फेरींत गुंडाळूं नये. एकच मार्ग धरावा. पॅरिसला चार रात्री, दिजोंला दोन, लियोंला तीन, आव्हिन्योंला दोन व मार्सेलिसला दोन, अशा तेरा रात्री होतात. यांत कोठेंही गाडींतील वेळ दोन तासांपलीकडे फारसा जात नाहीं. आव्हिन्योंहून मार्सेलिस तर वेगवान गाडीनें अर्ध्या तासाचा प्रश्न. दिजोंहून एक दिवस बोन गांवीं जावें. तेथें १४४३ मध्यें गरिबांसाठीं स्थापन झालेलें रुग्णालय अद्याप उभें आहे. बर्गंडीच्या द्राक्षमळ्यांची संपत्ति कोणाच्या औषधपाण्यास लागली, तें तेथें समजतें.

दुसरी गोष्ट, वार व वेळ आधीं पाहावे, स्थळें मागाहून मांडावीं. लूव्हर संग्रहालय मंगळवारीं बंद असतें. पुष्कळ भोजनगृहें रविवारीं रात्रीं व सोमवारीं बंद असतात, आणि ऑगस्टांत तर मालकच सुटीवर जातात. दुपारचें जेवण बारा ते दोन; अडीच वाजतां काय होतें तें मीं सांगितलेंच आहे. दुपारचें ठराविक ताट रात्रीच्या मानानें स्वस्तही पडतें. सकाळ बाजारासाठीं ठेवावी. दिजोंचा छपराखालचा बाजार मंगळवारीं, शुक्रवारीं व शनिवारीं पाहावा, लियोंचा क्रवा-रूस टेंकडीवर, व मार्सेलिसचा जुन्या बंदरावर, मासळी उतरते त्या वेळीं.

तिसरी गोष्ट आपल्यांतील शाकाहारी मंडळींसाठीं. लियोंच्या जुन्या खाणावळींत त्यांची अडचण होईल, हें आधींच जाणून चौकशी करून ठेवावी. दक्षिणेकडे मात्र लोण्याचें राज्य संपून ऑलिव्हच्या तेलाचें सुरू होतें आणि वांगीं, टोमॅटो, भोपळी मिरची यांची रेलचेल असते. मार्सेलिसला चण्याच्या पिठाच्या तळलेल्या वड्या मिळतात. कोणी पुढें नीसला गेलाच तर तेथें चण्याच्या पिठाचें मोठ्या तव्यावर भाजलेलें धिरडें मिळेल. समुद्रापलीकडच्या त्या बंदरांत गरिबांच्या पोटाला तोच चणा आधार होता, हें कळल्यावर परकेपणा बराच कमी होतो.

भाच्यानें चार शहरें खोडलीं. खोडतांना त्याला वाईट वाटलें, आणि तें वाटणें स्वाभाविक आहे. एवढा खर्च करून जावयाचें, पुन्हां योग केव्हां येईल कोण जाणे, मग कांहीं सुटूं नये असें कोणाला वाटणार नाहीं? पण मला सुटलें तें एखादें शहर नव्हे. ज्या शहरांत मी उभा होतों तेंच सुटलें. विणकरांच्या टेंकडीखालून मी गाडीसाठीं धांवत गेलों आणि ती टेंकडी कोणाची हें मला घरीं परत आल्यावर पुस्तकांतून कळलें.

जातांना त्यानें कागदाच्या मधली उभी रेघही खोडली. कारण पाहणें कोठें संपतें व खाणें कोठें सुरू होतें, हें त्याला आतां सांगतां येईना. लियोंपुढें त्यानें एकच ओळ लिहिली: दुपारीं बारा वाजतां.